छोट्या गाडीजवळचा माणूस

लातूर, ३ जून २००९

अयोध्यावहिनी,

पाकिटाच्या मागं माझं नाव वाचूनसुद्धा तुम्ही ते फोडलंत, म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं पत्र संपल्यावर बघू.

मी दगडोबा, तुमचा दीर. तुम्हाला हे सांगायची गरज नाही. पण पत्र कदाचित राजश्रीच्या हाती जाईल, आणि तिच्या बापाला एक धाकटा भाऊ होता हे तिला कुणी सांगितलं असेल-नसेल.

पत्ता कुठून काढला, हा तुमचा पहिला सवाल असणार. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. मागच्या आठवड्यात लोह्याच्या एक बाई पोराला घेऊन माझी मेस बघायला आल्या. मी आत वरणाला फोडणी देत होतो. बाहेर त्या दुसऱ्या एका बाईला सांगत होत्या, "नांदेडला मार्तंड सर हायत गणिताचे, त्यांनीच म्हणलं पोराला लातूरला टाका. त्यांच्या मिसेस किल्लारीकडच्या. भूकंपात पहिला मालक गेला बघा त्यांचा. अयोध्याबाई. लई गरीब स्वभाव." कढईतला लसूण करपला. बाईंना बसवून चहा पाजला आणि गप्पांत पत्ता काढून घेतला. 'लई गरीब स्वभाव' ह्यावर मात्र मी काही बोललो नाही.

माझं बरं चाललंय. स्टेशनावर किटली घेऊन पळणारा दगडू आता मेसवाला झालाय. दोनशे ताटं उठतात. पोरं 'डीके काका' म्हणतात. एवढं इंग्रजी नाव मिळेल असं आईला बारशाला वाटलं नसेल. लातूर पूर्वी डाळीवर चालायचं, आता पोरांवर चालतं. जून लागला की उदगीर, निलंगा, कंधार, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन उतरतात. आया डोळे पुसतात, आणि बाप मेसची पोळी बोटानं दाबून बघतात.

आता मुद्द्यावर येतो. छोटी गाडी बंद झाली हे तुम्ही ऐकलंच असेल. अरुंद रूळ उपटून नेले, मोठी लाइन आली आणि स्टेशन गावाबाहेर गेलं. रिक्षावाले अजून "जुनं ठेसन, जुनं ठेसन" म्हणून ओरडतात. माणूस बसतो, उतरतो, आणि बघतो तर ठेसन नाही. ह्या स्टेशनासमोर किशनराव फोटोवाल्यांचा स्टुडिओ होता, तो तुम्ही विसरणार नाही. किशनराव गेल्या दिवाळीत वारले. त्यांचा आलोक पुण्याला असतो. दुकान रिकामं करायला आला, तर माळ्यावर खोक्यांवर खोकी. मला म्हणाला, "काका, रद्दीत घालू का?" मी म्हटलं, माझ्याकडं घाल.

वहिनी, खोकी उघडली आणि तीन दिवस मेसकडं माझं लक्ष नव्हतं. गिऱ्हाईक नसलं की म्हातारा कॅमेरा घेऊन फलाटावर यायचा, हे मी पाहिलेलं. पण इतकं काढून ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं. टांग्यांची रांग, घोड्यांच्या तोंडाला तोबरे. तुरीच्या पोत्यांवर उताणे पडलेले हमाल. पाण्याच्या टाकीखाली धुणं धुणाऱ्या बायका, आणि त्यांच्यावर छत्री उगारलेले स्टेशनमास्तर. एका फोटोत अख्खं वऱ्हाड डब्यात मावलेलं आहे, फक्त नवरदेव फलाटावर राहिलाय. आणि गाडी! आता बघून हसू येतं, एवढीशी. मेसमधल्या पोरांना दाखवली तर एक म्हणाला, "काका, ही बागेतली का?" मी म्हटलं, हिनंच तुझ्या आजाला बार्शीला नेलं बेट्या.

फोटोत आवाज नसतो म्हणतात. मला येतो. इंजिनाची ती नाकातली शिटी, सांध्यावरून डबे जाताना कडाड-खट, आणि त्यात माझीच चिरकी आरोळी, "चाय गरम."

त्यात एक फोटो निघाला. गाडी उभी आहे. दाराशी एक माणूस, पाठ आपल्याकडं, मान जराशी वळवलेली, टोपी हातात, खांद्यावर उपरणं. गालाचा काठ तेवढा दिसतो. मागं किशनरावांच्या अक्षरात लिहिलंय, 'पोळ्याच्या आधी, १९९२'.

मला तो भगवानदादा वाटतो. त्या पोळ्याला बैलांच्या घुंगुरमाळा आणायला दादा बार्शीला गेला होता. मीच त्याला गाडीपाशी सोडलं आणि किटली घेऊन पुढच्या डब्याकडं पळालो.

पण छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मी पोरवयात घर सोडून इथं आलो. दादा वर्षातून एकदोनदा भेटायचा, त्याला मी आवाजावरून, कानानं ओळखतो. डोळ्यानं ओळखणारी माणसं दोनच, आई आणि तुम्ही. आईचे डोळे गेले.

तुम्ही एकदा बघाल का? पाठवू का?

दगडोबा

लातूर, १६ जून २००९

अयोध्यावहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. ओळी चार, पण एकेका ओळीत टाचणी. वाचून बरं वाटलं. तुम्ही बदलला नाहीत.

राजश्रीची दहावी झाली म्हणून तिला लातूरला ओढायचा हा डाव आहे का, असं विचारलंत. वहिनी, मी पोटापुरता धूर्त आहे, पण भावाच्या पोरीला गिऱ्हाईक करण्याइतका नाही. नांदेडला क्लास कमी आहेत का? तिथंच शिकवा. बाप गणिताचा मास्तर असताना तिला लातूर कशाला.

'बाप' लिहिलं आणि पेन थांबलं. पण खोडत नाही. मार्तंडरावांनी तिला वाढवलं, ते बापच.

दुसरी टाचणी खोल गेली. "त्या घरात एक फोटो आहे. हार घातलेला. मग दुसरा कशाला?"

तर ऐका. राजश्रीनं हे वाचलं तर तिलाही कळू द्या, कारण हे तिच्या घरचं आहे. तुम्ही तेव्हा तिला मांडीवर घेऊन उदगीरला माहेरी होतात. गणपती बोळवून गाव निजलं आणि पहाटेच्या आत गाव राहिलं नाही. आई अंगणात निजली होती म्हणून वाचली. दादा आत होता. घरातला एकुलता फोटो, तुमच्या दोघांचा तुळजापूरला काढलेला, मातीबरोबर गेला. उदगीरला लग्नाचा एक फोटो होता, तो आणला, तर त्यात दादाचं तोंड बाशिंगाआड. नाकाचा शेंडा तेवढा.

त्या महिन्यात किशनरावांच्या दुकानासमोर रांग लागायची. लोक काय काय घेऊन यायचे. फाटका कोपरा, जत्रेतल्या गर्दीतलं दाण्याएवढं डोकं. आणि कोणाकडं काहीच नसलं तर किशनराव विचारायचे, "सख्खं कोण आहे? चेहऱ्यानं जवळचं?" त्याला बसवून फोटो काढायचे, मग ब्रशनं मिशा भरायच्या, टोपी चढवायची, कपाळ उंच करायचं. आईनं मला बसवलं. आठ दिवसांनी दादा म्हणून जो फोटो आला तो मीच. दादाची टोपी घातलेला मी.

तेव्हा तसं कुणी म्हटलं नाही. तुम्ही दोघी माझ्या इथल्या खोलीवर राहायला आलेल्या, आणि भिंत रिकामी बघवत नव्हती. आई रोज त्याच्यापुढं दिवा लावायची आणि तुम्ही बघायच्या. मग मार्तंडरावांचं स्थळ आलं, तुमच्या वडिलांनी धीर करून हो म्हटलं, आणि निघायच्या दिवशी आई म्हणाली, "जायाचं तं जा, पन त्याच्या पाया पडून जा." तुम्ही फोटोकडं बघितलंत आणि म्हणालात, "अत्या, हे त्ये न्हाईत. हे दगडूभावजी हायत. जित्या दिराच्या मी पाया पडू कशी?"

खरं तेच बोललात. पण ते आईच्या तोंडावर बोललात. तिनं उंबऱ्यावर पाणी ओतलं आणि म्हणाली, "माझ्या लेकाचं तोंड बी पुसून चालली ही. ह्या दाराचा आन तुझा संबंध संपला." मी मधे पडायला हवं होतं का? तुम्हाला तसं वाटत असेल. मी पडलो असतो तर आईला फोटो कुणाचा ते माझ्या तोंडून ऐकावं लागलं असतं.

तेव्हापासून मी रोज सकाळी दात घासत असतो आणि समोर माझ्या फोटोला हार बदलतात. मागच्या वर्षी स्वयंपाकाला नवीन उमाबाई ठेवल्या. मेसच्या वर आम्ही राहतो, तिथं आईला भेटायला गेल्या, भिंतीवर बघितलं, आणि तेवढ्यात मी मागून "काय उमाबाई" म्हटलं. हातातलं पातेलं पडलं, वहिनी. दोन दिवस आल्या नाहीत. पोरंही आता चिडवतात, "काका, तुम्ही स्वर्गातून मेस चालवता का?" मी हसतो. पण राजश्री उद्या लग्न करेल, तिचं घर होईल, आणि ती बापाचं तोंड म्हणून माझं तोंड भिंतीला लावेल, नाहीतर काहीच लावणार नाही. हे मला पटत नाही. तिला एक खरा फोटो मिळावा, पाठमोरा तर पाठमोरा. बाकी माझं काही मागणं नाही.

फोटो पाठवायचा की नाही ते तुम्ही सांगा. तुमच्या मनाविरुद्ध पाठवणार नाही.

दगडोबा

लातूर, २७ जून २००९

अयोध्यावहिनी,

"पाठवा. पुठ्ठा घाला, टपालात मोडतो." एवढंच लिहिलंत. पुठ्ठा घातला आहे. आलोकला सांगून मूळ फोटोवरून हा पोस्टकार्डाएवढा करून घेतला.

राजश्रीच्या निकालाचं लिहिलं नाहीत. लोह्याच्या बाईंकडून कळलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "भगवान सातवीत दोनदा बसला हुता. पोरगी कुनावर गेली?" मी म्हटलं, आईवर.

एक गोष्ट आधीच्या पत्रात लिहायची राहिली. खरं म्हणजे राहिली नाही, लिहिली नाही. आईला फोटोचं मी सांगून बसलोय. पत्र लिहायच्या आधीच. हातात दिला तिच्या. तिनं कागदावर बोट फिरवलं, जसं गव्हातले खडे बघतात तसं. "कुठशीक हाय?" मी बोट धरून जागा दाखवली. "उभा हाय का बसलाय?" उभा. "जेवलेला दिसतो का?" मी म्हटलं, दिसतो. तेव्हापासून तो फोटो तिच्या उशीखाली आहे. येईल त्याला सांगते, "माझा भगवान ठेसनात सापडला." पण रोज एकदा मला विचारते, "तूच म्हंतूस का आनखी कुनी म्हंतंय?" मी म्हणतो, मीच. मग फोटो परत उशीखाली सारते.

डॉक्टर म्हणतात एका डोळ्याला उजेड कळतो, बाकी काही होणार नाही. तब्येत तशी बरी आहे. बरी म्हणजे, जेवण कमी झालंय. बरं, ते जाऊ द्या.

फोटोत डाव्या कडेला बघा. किटली घेतलेला हात आहे, माणूस चौकटीबाहेर. तो हात माझा असावा असं मला आपलं वाटतं. पण स्टेशनावर तेव्हा चहावाले कमी नव्हते. शरणप्पा होता, निलंग्याचा, मराठी-कानडी मिसळून ओरडायचा. तो असेल. किशनरावांनी हात तेवढा घेतला, तोंड सोडलं.

मोठ्या आकाराचा फोटो खाली जेवणाच्या हॉलमध्ये लावलाय, बाकीच्या फोटोंबरोबर. पोरं जेवता जेवता बघतात. निलंग्याची एक पोरगी टाकीखालच्या बायांत आपली आजी सापडते का म्हणून ताट घेऊन उभी असते. तिला म्हटलं, बस बाई, आमटी गार होते. म्हणाली, "काका, एकच मिनिट, इची कंबर आज्जीसारखी हाय."

कळवा.

दगडोबा

लातूर, ५ जुलै २००९

अयोध्यावहिनी,

लहान फोटोवरून कळत नाही, मान नीट दिसत नाही, मोठा बघावा लागेल, राजश्रीला घेऊन येते. हे वाचून मी कार्ड खिशात ठेवलं, आणि पुन्हा काढून वाचलं.

रेल्वेनं येऊ नका. गाडी गावोगाव फिरून येते आणि सोडते गावाबाहेर. जन्म स्टेशनावर काढलेला माणूस एसटीची शिफारस करतोय, किशनराव असते तर त्यांनी माझा फोटो उलटा टांगला असता. लोहा-अहमदपूर करत सकाळची गाडी आहे. स्टँडवर मी उभा राहतो. तुम्ही मला ओळखाल. केस गेलेत, पण तोंड तुम्ही भिंतीवर बघितलेलं आहे.

आईला तुम्ही येणार म्हणून सांगितलं. संध्याकाळी उमाबाईंना म्हणाली, "माझं ते हिरवं लुगडं काढ."

मार्तंडरावांना माझा नमस्कार. शाळेमुळं जमत नाही हे समजलं. तुम्हाला पाठवतात, एवढं पुरे.

दगडोबा

लातूर, १५ जुलै २००९

अयोध्याताई,

मायना वाचून थांबला असाल. चुकून लिहिला नाही. का ते खाली येईल.

तुम्ही इथं होतात, तुम्हाला काय घडलं ते मी सांगणं म्हणजे पाटलाला गावची शीव दाखवणं. पण तुम्ही डोळ्यानं पाहिलंत आणि मी कानानं ऐकलं, त्यात फरक पडतो. शिवाय तुम्ही गेल्यावरचं तुम्हाला ठाऊक नाही.

हॉलमध्ये पोरांची पंगत चालू होती. तुम्ही सगळ्या फोटोंसमोरून सरळ त्या फोटोपाशी गेलात. राजश्री मागं. मी पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिलो, मुद्दाम. पन्नास पोरांच्या वाट्या-ताटांच्या आवाजातून मला तुमचा श्वास ऐकू येत होता असं म्हटलं तर खोटं वाटेल. पण तो थांबलेला कळला. मग तुम्ही पदराच्या टोकानं काच पुसलीत, त्या माणसाच्या मानेवर. आणि मागं न बघता म्हणालात, "भावजी, न्हाईत हे."

मी म्हटलं, "नीट बघा वहिनी."

"नीटच बघितलं. ह्यांच्या मानंला केसांचा भोवरा हुता. डाव्या अंगाला. कितींदा कापले तरी उभे ऱ्हायाचे. मी तेल लावून बसवायची. ह्या मान्साची मान सपाट हाय."

संपलं. बायकोनं मानेवरून सांगितलं. पोळा, १९९२, बार्शी, घुंगुरमाळा, माझा सगळा हिशेब त्या एका भोवऱ्यात बुडाला. राजश्रीचं तोंड बघवेना. पोरगी नांदेडाहून बापाला बघायला आलेली, आणि हातात कुणाचातरी परका माणूस. तिनं एवढंच विचारलं, "मग हे कोण असतील, काका?" मी म्हटलं, कुणाचेतरी असतील बाळा.

मग वर गेलो. जिन्यात मी तुम्हाला म्हटलं, आईला मी सांगतो, हळूहळू. तुम्ही माझ्यापुढं चढत राहिलात. आई हिरवं लुगडं नेसून बसलेली, फोटो मांडीवर. पायांचा आवाज ऐकून तिनं मान वर केली. चौदा वर्षांनी सून दारात, पण ना "ये" ना "बस". फोटो पुढं केला आणि विचारलं, "त्योच हाय का गं?"

मी तोंड उघडलं, आणि तुम्ही म्हणालात, "हाव अत्या. त्येच हायत."

"भगवानच?"

"त्येच. मान बघितली ना म्या. भोवरा हाय."

आणि मग तुम्ही वाकून आईच्या पाया पडलात, आणि तिनं हात तुमच्या डोक्यावर ठेवला नाही, फोटोवरच ठेवला. एवढं करून हिला काय मिळालं, असं मनात आलं.

खाली चहा घेताना जे झालं ते मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. राजश्री वर भिंतीवरचा फोटो बघून आली होती. समोर बसली, माझ्याकडं बघितलं, हसू फुटलं, आणि लगेच तोंडावर हात. मग हात काढून म्हणाली, "आई, मग बाबा ह्यांच्यासारखे होते का नव्हते? काहीतरी तर सांग."

तुम्ही कप खाली ठेवलात. म्हणालात, "भावजी, टोपी काढा. हलू नका."

आणि तुम्ही बोट हवेत धरून माझं तोंड दुरुस्त करायला घेतलंत. "हे कपाळ न्हाई, ह्याच्याहून अरुंद. भुवया ह्याच, पन मधी जुळलेल्या. नाक असं फुगीर न्हाई, सरळ, जरा लांब. डोळे..." डोळ्यांपाशी थांबलात. "डोळे घारे हुते गं. कुनाला सांगितलं तरी खरं वाटायचं न्हाई. ओठ ह्यांचेच. हसताना असंच एका बाजूला जायाचे. भावजी, हसा जरा." मला कुठलं हसू येतंय? तरी राजश्री म्हणाली, "काका, वरच्या फोटोत तरी चांगलं हसलात की," आणि मग हसू आलंच, आणि तुम्ही एकदम म्हणालात, "अगं हेच! हे बघ! हे बघून घे!"

पोरगी पुढं वाकून बघत राहिली. मी हसत राहिलो. गाल दुखायला लागले तरी थांबलो नाही. उमाबाई दारात आल्या, आणि मला एकट्याला असं हसताना बघून परत गेल्या. वाटलं, दुसऱ्या दिवसापासून येणार नाहीत.

फोटोत सापडला नाही तो दादा तुम्ही माझ्या तोंडावर काढलात, ना ब्रश ना कागद. तुमच्या मनात तो एवढा शाबूत आहे हे मला माहीत नव्हतं, ताई. इतकी वर्षं मी समजत होतो, तुम्ही विसरायला गेलात.

तुमची गाडी सुटली. आता पुढचं.

काल सकाळी आई लसूण सोलत बसली होती. डोळे गेल्यापासून ते काम तिच्याकडं. मी जवळ बसलो. मला म्हणाली, "दगड्या, फोटोतला मानूस कोन हाय?"

"दादा. तिनं सांगितलं की तुला."

"तिनं काय सांगितलं ते ऐकलं मी. कान तुला माझ्याकडूनच आलेत." एक कुडी सोलून झाली. "खोटं बोलली ती. भगवानचं नाव निघालं की तिचा आवाज खाली बसायचा. परवा वर गेला."

ज्या कानांवर मी जिंदगीभर पोट भरलं, ते कान कुठून आले हे पहिल्यांदा कळत होतं.

"त्या टायमाला ती खरं बोलली," आई म्हणाली, "आन मी पानी वतलं उंबऱ्यावर. तुला काय वाटतं, मला तुझं नाक वळखू आलं न्हवतं? तेल लावून मी वढलंय त्ये. पन भितीला कायतरी पायजे हुतं रं मला. ती बोलली आन भित पुन्हा रिकामी झाली. त्याचा राग." मग आणखी दोन कुड्या सोलल्या. "आन परवा माझ्यासाठी खोटं बोलाया नांदेडाहून आली. नवऱ्याचं घर टाकून, पोरीला घिऊन. माझ्या पोटची असती तं ह्याच्याहून काय निराळं केलं असतं तिनं?"

मी म्हटलं, "मग तेव्हा डोक्यावर हात का नाही ठेवलास?"

"सून म्हनून ठिवू का? सून मी माझ्या हातानं तोडली. तोडलेली सून पुन्हा जोडता येत न्हाई, आन तिला दुसरं घर हाय. त्या मास्तरचा का अपमान करू?" बोटं थांबली. "पंचमी कवा हाय?"

"पुढच्या आठवड्यात. सव्वीस तारखेला."

"तिचे माय-बाप?"

"दोघंही गेले. भाऊ नव्हताच."

"मग पंचमीला तिला आनाया कोन जातं?"

"कुणी नाही, आई."

"चौदा वर्सं?"

तुम्ही हे कधी कुणाजवळ बोलला नसाल. बाकीच्या बायकांचे भाऊ येऊन त्यांना घेऊन जाताना तुम्ही नांदेडच्या ओट्यावर बसून बघितलं असेल, आणि आत जाऊन कामाला लागला असाल.

"तू जा," आई म्हणाली. "मुराळी म्हनून जा. लुगडं घिऊन जा, आन मास्तरला सांग, तुमच्या बायकूला माहेरी न्यायला आलोय."

तर ताई, असं आहे. मायना म्हणून बदलला. दीर हा शब्द काल सकाळी लसणाच्या टरफलात गेला, आता मी भाऊ. पंचमीच्या आदल्या दिवशी येतो. मार्तंडरावांना सांगून ठेवा, न्यायला आलेल्या भावाला रिकाम्या हातानं परत पाठवायची रीत आपल्या मुलखात नाही. राजश्रीचे क्लास लागले असतील तर दोन दिवस बुडू द्या. गणित कुठं पळून जात नाही.

तो छोट्या गाडीजवळचा माणूस भिंतीवर राहू दिलाय. दोनशे पोरं रोज बघतात. कुणाच्या तरी घरचा निघेल.

पत्र बंद करत होतो, तेवढ्यात आईनं हाक मारली. आवारातल्या कडुलिंबाची फांदी झोका बांधायला चालेल का विचारत होती. मी म्हटलं, चालेल, पण राजश्री आता अकरावीची, झोक्यावर बसेल का कुणास ठाऊक.

आई म्हणाली, "राजश्रीचं कोन इचारतंय? मी अयोध्यासाठी इचारते."

दोर आणायला निघालोय.

तुमचा भाऊ
दगडोबा